पहिल्या गॅसची काडी

परवा माढ्याला नातवाच्या गोठ्यात शेणकाल्याचा आंबूस वास आला आणि आमच्या पहिल्या गोबरगॅसची सकाळ आठवली.

भावकी आजही सांगते, की स्वतःच बांधलेल्या टाकीला भिऊन मी आईच्या हातची काडी विझवली. साफ खोटे! टाकीत प्रथम साठणाऱ्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो पेटवला तर भडका उडतो; सोडून द्यायचा असतो. आईने मात्र शेगडीला हळदकुंकू वाहिले, चावी फिरवली आणि काडी ओढली. मी ती जळती काडी मुठीत चिरडली.

"भ्यालास व्हय रं?" आई हसली.

चुलते म्हणाले, "शेणावर कुटं दूध तापतंय व्हय!"

भाजलेली मूठ मी उघडली नाही. भ्यालो होतो, हे आज मान्य करतो. परंतु टाकीला नव्हे. शेगडीवर आईचा चेहरा वाकलेला होता.