कोरडी पट्टी

कोंडाजीनं कॅम्पातली पक्की नोकरी सोडली आणि उरलेला जन्म शेळ्यांमागं काढला, म्हणून त्याला येडा म्हणणारे आमच्या मुळशीत काय कमी आहेत? म्हणोत मेले. मी त्याची शेजारीण, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय.

एकोणसाठ सालची गोष्ट. धरणाच्या कॅम्पात साहेबांचा क्लब होता. तिथं लांबलचक लाकडी पट्टी. एका टोकानं लाकडी गोळा गडगडत सोडायचा, दुसऱ्या टोकाला मांडलेल्या लाकडी बाटल्या पाडायच्या. पट्टीला रोज तेल लावायचं काम कोंडाजीचं. गोळे दोन जातींचे. गुळगुळीत तांबडा तेलावरून सरळ घसरत जायचा. खरखरीत काळा मात्र तेलातही लाकूड धरायचा आणि शेवटाला असा वळायचा, की बाटल्या आडव्याच! जयसिंगचा हात त्या काळ्यावरच बसलेला.

हा जयसिंग कॅम्पातला रोजंदारीवरचा फिटर. आईबाप नव्हते, जेवायला कोंडाजीकडंच. कोंडाजीच्या बायकोनं, चंद्राबाईनं, त्याच्यासाठी मुठा गावची एक पोरगी हेरून ठेवली होती. पण पोरीचा बाप अडून बसला, "नोकरी पक्की झाली की बोला." तेवढ्यात मोठे साहेब जयसिंगला म्हणाले, पुण्याच्या पाहुण्यांना हरवलंस तर तुला कायम करतो. चंद्राबाईचे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि सामन्याच्या आदल्या दिवशीच ती तापानं गेली. काय म्हणावं देवाला!

सुतकात तेलाला शिवायचं नसतं. कोंडाजी शिवला नाही, आणि ते काम जाणणारा दुसरा कुणी नव्हता. जयसिंग खेळायला जाईना, तर कोंडाजीनंच त्याला दटावलं, "तुला सुतक न्हाई. जा. तिच्या मनात हुतं." पण पट्टी कोरडी आहे, आज काळा घेऊ नकोस, तांबडा घे, एवढं सांगायचं राहून गेलं. चिता अजून निवली नव्हती, कुठलं सुचतंय!

काळ्या गोळ्यानं कोरडं लाकूड सुरुवातीलाच धरलं. अर्ध्यातच वळून बाजूच्या पन्हळीत. पुन्हा सोडला, पुन्हा पन्हळीत. जयसिंग हरला. कायमची जागा गेली, आणि मुठ्याहून निरोप आला की पोरीला दुसरं स्थळ बघतोय.

दहाव्याला मुळेच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या जांभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. थोरल्या लेकीनं हात जोडले, "आये, आबाला मी बघीन." नाही. चंद्राबाईच्या भावानं सांगितलं, "तुझ्या शेळ्या इकू देनार न्हाई." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. दर्भाचा कावळा करून शिवू का, असं भटजी विचारायला लागले.  तेव्हा कोंडाजी उठला आणि जयसिंगचा हात धरून पिंडापुढं आला.

"चंद्रे, चूक माझी हाय. तेल लावलं न्हाई ते न्हाई, पन पोराला दोन शब्दबी सांगितलं न्हाईत. माझी जागा मी ह्याला देतो. साहेबाच्या पाया पडीन, पन देतो."

जयसिंग ओरडला, "नगा काका! तुमी काय खाल?"

"गप! ती उपाशी बसलीया हितं."

जांभळीवरनं एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पुढं आला आणि त्यानं पिंडात चोच घातली. कोंडाजी लहान पोरासारखा रडायला लागला.

"जेव," म्हणाला, "जेव बाई, पोटभर जेव."