गिटारच्या बटनाखाली ओतलेली लाख

दोस्तहो, सकाळपासून घरात नुसत्या येरझारा घालून राह्यलो, म्हणून इथी लिहितो.

महिना झाला, माह्या इलेक्ट्रिक गिटारचं व्हॉल्यूमचं बटन ढिलं होतं. वाजवता वाजवता हातात यायचं. खरं तं काम दोन मिनिटाचं. बटन ज्या दांडीवर बसते, तिच्या मधात चीर असते. पेचकसानं ती चीर जराशी फाकवली की बटन घट्ट. पण मी नुसता रोज चिडायचो.

आज पाहतो तं बटन एकदम पक्कं! फिरवलं तं फिरेचना. आवाज फुल्लवर अडकलेला. विळ्याची मूठ बसवतात तशी बाबानं लाख वितळवून बटनाखाली ओतली होती.

"बाबा, हे काऊन केलं तू?" मी ओरडलो.

"रोज निघून राह्यलं होतं नं तुह्यं," बाबा म्हणाला. "आता जल्मात नाई निघत."

"अरे, पण ते फिरवा लागते!"

"फिरवा लागते?" बाबा गिटारकडे पाहतच राह्यला. "मले का मालूम?"

तीन वर्षांपासून इथी कुरखेड्यात कार्यक्रमात वाजवतो. बाबाले एकदाही बोलावलं नाई. त्याले काय समजते, असंच वाटायचं.

आज सहा वाजता पुन्हा कार्यक्रम आहे. आवाज अँप्लिफायरवरून सांभाळून घेईन. बाबा मात्र तेव्हापासून अंगणात बसून आहे, उरलेल्या लाखेचा तुकडा हातात घेऊन. तुम्हीच सांगा, आता कोणत्या तोंडानं म्हणू, "चाल बाबा, ऐकाले"?