स्टेपनीला करंजेल

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या सणसरच्या घरी दुसऱ्या लढाईतली जुनी लष्करी पिकअप गाडी आली आणि माझं नशीब उघडलं. खोटं कशाला बोलू? गाडीतनं भाजी बारामतीच्या बाजाराला जायची, आणि वाटेवरच पिंपळी, माझं माहेर. बैलगाडी होती तेव्हा सणावारीच आईचं तोंड दिसायचं. आता दर बाजारी मी वांग्यांच्या पाट्यांमध्ये बसून निघायची, पिंपळीला उतरायची, परतीच्या फेरीला पुन्हा चढायची. जावा जळायच्या. जळू देत!

पण माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, गाडीचा भरवसा नव्हता. "बैल बसला तर शेपूट पिरगाळता येतं. हिचं काय पिरगाळायचं? येकदा जरी वाटंत अडली, तर इकून टाकीन," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलेलं. मामंजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणून स्टेपनीवर माझा जीव. स्टेपनी म्हणजे जादा चाक. गाडीच्या मागच्या अंगाला, बुडाखाली, लोखंडी चौकटीत ते आडवं टांगलेलं, साखळी आणि बोल्टनं आवळलेलं. बघायचं तर पाठीवर पडून खाली सरकावं लागे, आणि आमच्या ह्यांचं पोट आडवं यायचं. मग मीच पदर खोचून शिरायची. चिखल खरवडायचा, साखळी ओढून बघायची, बोल्ट ढिला करून पुन्हा आवळायचा, म्हणजे तो गंजून धरत नाही. हवा आहे का, ते कलिंगडासारखं वाजवून बघायचं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण अतिशहाणी ना मी! माझ्या वडिलांच्या विहिरीवर चामड्याची मोट होती. तिला करंजाच्या बियांचं तेल, करंजेल, चोळलं की ती भेगाळत नसे. स्टेपनीच्या रबराला मला बारीक चिरा दिसल्या, तशी मी दर शनिवारी तिला करंजेल चोपडायला लागले. सासूबाई हसायच्या, "मारुतीला तरी येवढं तेल घालत्यात का गं?" हसेनात का. वर्षभर मी नेम चुकवला नाही.

एका बाजारी मामंजी स्वतः पुढं, गाडी हाकणाऱ्या ह्यांच्याशेजारी बसले. पिंपळी दोन कोस राहिलं आणि गाडीचं मागचं चाक फुटलं. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा घुसून आतली ट्यूब टराटरा फाटलेली. मामंजी उतरले.

मी गाडीखाली शिरले. बोल्ट एका फिरकीत सुटला. मला कोण आनंद! ह्यांनी स्टेपनी चढवली, जॅक उतरवला, गाडीचा भार आला, आणि स्टेपनीला एका अंगाला हा एवढा फुगवटा आला. धाडकन् फुटली. ह्यांनी रबराला बोट लावलं, तर ते काकवीत बुडवल्यासारखं चिकट.

"कुजली कशानं ही? येकदा बी वापरली न्हाय!" हे ओरडले. "त्या टायरवाल्याला आज दावतोच."

आता गप्प कशी राहू? मामंजींशी मी कधी समोरून बोलले नव्हते. पदर सावरला आणि म्हटलं, "टायरवाल्याचा दोष न्हाय, तेलानं कुजली ती. मोटंला लावत्यात तसं मी तेल लावत हुते. दर शनवारी. पर मामंजी, माझ्यापायी गाडी इकू नगा." आणि रडूच फुटलं मला.

मामंजींनी उसाच्या फडाकडं तोंड फिरवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "तू शनवारी लावत हुतीस?"

"व्हय."

"मी सोमवारी."

ह्यांचा तर आ वासलेला.

"पहाटं, तुमी उठायच्या आदी. जवसाचं," मामंजी म्हणाले. "म्हनलं, मुकं जिनावर. कोन बघतंय तिच्याकडं?"

अगं बाई! मी रडता रडता हसायला लागले, हे पोट धरून खाली बसले, आणि मामंजींच्या मिश्यासुद्धा हलल्या. मग त्यांनीच धोतर खोचलं. फडाशेजारचं वाळलं पाचट ओढून आणलं, आणि फाटकी ट्यूब काढलेल्या पहिल्या टायरात आम्ही तिघांनी ते कोंबलं. मामंजी टाचेनं दाबत होते. गाडी लंगडत, धुरळा उडवत पिंपळीला पोचली.

तिथं मामंजीही माझ्याबरोबर उतरले. बोलावल्याबिगर व्याही येत नसतो, त्यामुळं वडिलांची नुसती धांदल. घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. गाडी विकायचा मामंजींचा शब्द त्यांनी माझ्याकडनं ऐकलेला, म्हणून चाकाकडं बघून वडिलांनी भीत भीत विचारलं, "मग पाव्हणं, आता गाडी इकनार?"

"इकायची?" मामंजी म्हणाले. "आन् फुडल्या बाजारी तुमच्या लेकीला कशातनं धाडू?"

मी आत पळाले, आईच्या चुलीपुढं बसले आणि ढसाढसा रडले. आई बिचारी घाबरली. पाठीवरनं हात फिरवत हळूच विचारत राहिली, "सासरी काय तरास हाय का गं तुला?"