मुळीच्या दिवशी कोंडू बोलला

तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतला कोंडू बाजाराच्या दिवशी कामशेतला येतो, माझ्या धान्याच्या दुकानापुढे गोणपाटावर रानातल्या मुळ्या विकायला मांडतो आणि दिवसभर बोलतो. मी गिऱ्हाइकाला इंद्रायणी दाखवायला उठेपर्यंत त्याचं सांगून झालेलं असतं : वाळ्याची जुडी माठात किती दिवस ठेवायची, तान्ह्या पोराला वेखंड कसं उगाळायचं, उरलेलं कपड्यांच्या ट्रंकेत का टाकायचं, पळसाची मुळं ठेचून चुना द्यायची कुंची कशी बांधायची. गिऱ्हाईक तांदूळ विसरतं आणि कुंची घेऊन जातं. त्याला तिथून उठवायचं मी पाच वर्षं ठरवतो आहे, पण त्याच्या बोलण्यात मला अजून फट सापडलेली नाही.

त्याच्या बायकोला, चिंगीला, एकच आधार आहे, तो म्हणजे मुळीचा नेम. औषधाची मुळी अशीच उपटायची नसते. आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुडाशी तांदूळ-सुपारी ठेवून आवतण द्यायचं, ‘उद्या न्यायला येतो’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी डोळा उघडल्यापासून मुळी घरात येईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोललं की मुळीचा गुण गेला. आणि आवतण देऊन नेलंच नाही, तर खणणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, तो कायमचा. चिंगीला हा नेम फार प्रिय आहे. “आज कुटली मुळी आणायची न्हाई का?” असं ती अधूनमधून मोठ्या आशेने विचारते.

गेल्या दसऱ्यानंतर खालच्या पेठेतल्या मुक्ताबाईंची म्हैस व्याली आणि दूधच देईना. मुक्ताबाई वाडीवर आल्या.

“कोंडूभाऊ, तुमच्या हाताला गुण हाय. कायतरी करा, न्हाईतर रेडकू जातंय माजं.”

दूध उतरायला शतावरी, हे ठरलेलं. कोंडूने त्याच संध्याकाळी धरणाच्या अंगाला, एका नव्या बंगल्याच्या कुंपणाबाहेरच्या शतावरीला आवतण दिलं. सकाळी कुदळ घेऊन गेला, तर वेलीच्या जागी खड्डा!

दुसरी वेल खणून भागत नाही. हे म्हणजे ठरलेली नवरी सोडून तिच्या मावसबहिणीला घेऊन येण्यासारखं. कोंडूने कुंपणातून वाकून पाहिलं. बंगल्याच्या ओट्यावर चकचकीत कुंडीत शतावरी उभी होती आणि मातीतून त्याचीच सुपारी डोकावत होती. फाटक उघडंच होतं. तो आत शिरला.

बंगल्याच्या मालकीण हर्षदाबाई शनिवार-रविवार निसर्गात राहायला पुण्याहून येतात.

“माळ्याने पाठवलं का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

कोंडू गप्प.

“ऐकू येत नाही का?”

येतंय, येतंय, अशी कोंडूने जोरजोरात मान हलवली. त्यावरून बाईंची खात्री पटली की येत नाही. मग त्या ओरडून आणि हातवारे करून बोलायला लागल्या. “कुंडी! बदला! मोठी!” कोंडूला आयतंच सापडलं. त्याने वेल मोठ्या कुंडीत हलवली, बोटाएवढ्या दहा-बारा मुळ्या काढून फडक्यात बांधल्या आणि चार मुळ्या वेलीला पुन्हा फुटायला ठेवल्या.

“जपून हं,” बाई ओरडल्या. “आफ्रिकेतली शोभेची वेल आहे ती!”

कोंडूचे कान लाल झाले. बाळपणापासूनच्या ओळखीची वेल आफ्रिकेची, आणि आपण मुकाट ऐकून घ्यायचं! ओठ दाताखाली धरून तो निघाला.

“थांबा, नाश्ता करून जा.” बाईंनी पांढऱ्या उकडलेल्या चकत्यांची बशी पुढे केली. “माळ्याला कुंपणाशी जंगली रताळं सापडलं. एकदम ऑरगॅनिक!”

बशीशेजारी उरलेला अर्धा कंद पडला होता, नांगरासारखा वाकडा. ती कळलावी होती. पावसाळ्यात जिला जाळासारखी लाल-पिवळी फुलं येतात, तीच. तिची मुळी बाहेरून लावतात. खाल्ली, तर माणूस वैद्याकडे पोचत नाही.

कोंडूने दोन्ही हात हलवले. “मीठ कमी आहे?” बाईंनी विचारलं. कोंडूने स्वतःचा गळा धरला, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले आणि ओट्यावर उताणा पडून पाय झाडले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. “किती सुंदर! लोककला ना ही?” त्यांनी मोबाईल काढला. कोंडूने उठून बशी हिसकावली आणि जास्वंदीत भिरकावली. “अहो, रागावू नका, आत अजून आहे,” म्हणत बाई पातेलंच घेऊन आल्या आणि उभ्या-उभ्या एक चकती त्यांनी तोंडाशी नेली.

एकीकडे उपाशी रेडकू आणि चाळीस वर्षं सांभाळलेला नेम, दुसरीकडे ही बाई. गोष्ट सांगताना कोंडू इथे दर वेळी थांबतो. मला हवी असलेली फट ती हीच. पण तेव्हा मीच विचारतो, “मग?”

“बाय, टाका त्ये! इख हाय, इख! कळलावी हाय ती, जीव जाईल!”

चकती खाली पडली, बाईही मटकन बसल्या. एवीतेवी नेम मोडलाच होता, म्हणून कोंडूने सकाळपासूनचं सगळं तुंबलेलं बोलून टाकलं. शतावरी कुठली, आफ्रिका कुठली, माळ्याची अक्कल कुठली. तासाभराने बाई तिसऱ्यांदा हात धुवायच्या निमित्ताने आत गेल्या, तेव्हा तो निघाला.

घरी त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. मुळ्या ठेचून, गुळात कालवून त्याने म्हशीला चारल्या आणि तीन दिवस धास्तीने इतर सगळ्या विषयांवर अखंड बोलत राहिला.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाई भरलेली चरवी घेऊन आल्या. रेडकू अंगणभर उधळत होतं म्हणे. त्या जाताच कोंडू चिंगीकडे धावला.

“अगं, म्या बोललो व्हतो! मुळी हातात असताना बोललो, तरी दूद आलं! मंजी गप ऱ्हायाची गरजच न्हाई!”

चिंगीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “बंगल्याच्या माळ्यानं मला त्याच दिशी सांगितलं. तवापासनं म्या त्वांड उघडलं न्हाई. तुमच्या वाटचं गप ऱ्हायले. तीन दिस.”

कोंडू आठवायला लागला. तीन दिवसांतलं चिंगीचं एक वाक्य आठवेना. सगळीकडे त्याचाच आवाज. त्याला फार लाज वाटली.

तो म्हणाला, “तुला... काय सांगायचं व्हतं का?”

“लय हाय,” चिंगी म्हणाली. “बसा.”

त्या आठवड्याच्या बाजाराला कोंडू आला नाही.