आई कोणाकडे राहते

आईच्या हृदयाची झडप बदलावी लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी रविंद्रचा धाकटा भाऊ प्रेमानंद त्याच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या घरी आला. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. चपला काढता काढताच बोलला, "दादा, माह्या माजी सैनिकाच्या इलाजाच्या कार्डावर सगळं होते. पेन्शनवाला फौजी, त्याची बायको अन् त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप, सगळ्यायले इलाज भेटते. आईले तर काहीच कमाई नाही."

"मग टाक तिचं नाव," रविंद्र म्हणाला.

"पण ती माह्याजवळ राहायले पाहिजे. नियमच आहे."

 बाबा गेल्यापासून आई रविंद्रकडे. गोळ्या, चष्मा, मोतीबिंदू, सगळं त्यानंच पाहिलं. नागपुरातल्या एका कंपनीत आयुष्यभर हिशेब सांभाळून घर घेतलं, तेही आईच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावर. प्रेमानंद मात्र वर्षातून एकदा सुटीवर यायचा आणि आई आठ दिवस आधीपासून दाराकडे डोळे लावून बसायची. गल्लीत ती फौजीची आई. हिशेबवाल्याची आई तिला कधी कोणी म्हटलं नाही.

"राहू दे इथंच. पत्ता तुझा लिहू," तो म्हणाला.

"खोट्यावर सही मी करत नाही, दादा."

"मग खर्च मी करतो! घर गहाण टाकतो!"

स्वयंपाकघरातून त्याची बायको प्रेमिला ओरडली, "काहून? अर्धं घर माह्या नावावर आहे ना!"

तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "मले कोणी विचारून राहिलं का? रविंद्रा, तुह्याकडून लई करून घेतलं, गा. प्रेमानंदले कधी आईचं करायले भेटलंच नाही. जाऊ दे मले."



रविवारी रविंद्रनंच तिला कामठीला प्रेमानंदच्या घरी पोचवलं. प्रेमानंदच्या बायकोला, भावनाला, बजावलं, "आईला चहा बिनसाखरेचा."

"आज टाक वं थोडी," आई म्हणाली आणि प्रेमानंदचा हात धरून खिडकीतलं लिंबाचं झाड पाहू लागली.

अंधार पडला तरी रविंद्र उठेना. प्रेमानंद हसला, "थांब ना गा दादा, तुलेही माह्यावर अवलंबून दाखवतो."

सगळे हसले. आईसुद्धा हसली, इतकं मोकळं ती मनीषनगरात कधी हसली होती ते रविंद्रला आठवेना. तो उठला, बाहेर आला, आणि गाडीत बसून बराच वेळ त्या उजेडाच्या खिडकीकडे पाहत राहिला.