फिल्डवर तू पाटील

"ऊट आदी खुर्चीवरनं," म्हातारी म्हणाली.

मी उठले. हातात फॉर्म तसाच, पेनाचं टोपण उघडं. तिनं सुनेला हाक मारली, "बादली आण गं." सुनेनं बादली आणली. मी बसले होते ती प्लॅस्टिकची खुर्ची दोघींनी अंगणात ओढली आणि माझ्या देखत धुतली. पाठ धुतली, हात धुतले, मग उलटी करून पाय धुतले. खालून मी कुठं टेकले होते, त्यांनाच ठाऊक. पाणी वाहत माझ्या चपलेपर्यंत आलं, तेव्हा मी पाय मागं घेतला. माझा मीच घेतला. याची लाज आजही वाटते.

मग म्हातारीच्या ध्यानात आलं. ती सुनेकडं वळली.

"आट दिस हिचाच चा प्यालो की गं आपण! पोराला दिलास व्हय?"

"व्हय," सून म्हणाली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

आतून चहापुडीचं पाकीट आलं, अर्धं उरलेलं. ते माझ्या अंगावर. पूड केसांत गेली, ओढणीवर सांडली, फॉर्मवर सांडली. मी फॉर्म झटकला. कागद खराब झाला तर साहेब रागावतील, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

शिराळा तालुक्यातलं गाव. उसाचं घर, दारात ट्रॅक्टर, धाकटा मुलगा पलटणीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट, फार जुनी नाही.

मी तिथं काय करत होते, ते सांगते. मार्केट रिसर्च. बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. मग सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांतल्या एका ऑफिसात हे काम मिळालं. गिऱ्हाईक काय पितं, का पितं, टीव्हीवरच्या कुठल्या जाहिरातीला भुलतं, हे दारोदार हिंडून विचारायचं. आता मोबाइलवर अंगठा दाबला की कंपनीला बसल्या जागी कळतं, माणसाला काय आवडलं. तेव्हा तो अंगठा म्हणजे आम्ही पोरी.

काम असं. घरच्या बाईला चहापुडीचं पांढरं पाकीट द्यायचं. वर कंपनीचं नाव नाही, फक्त 'क' हे अक्षर. आठ दिवसांनी परत जायचं आणि एक कार्ड पुढं करायचं. कार्डावर पाच चेहरे. पहिला रडका, पाचवा हसरा. चहा जसा वाटला त्या चेहऱ्यावर बाईनं बोट ठेवायचं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी, माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"राग मानू नकोस हं. फिल्डवर तू पाटील. खेड्यात दारं उघडायला हवीत ना आपल्याला?"

साहेब वाईट नव्हते. पुण्याचे, मऊ बोलायचे, डब्यातलं लोणचं मला आग्रहानं वाढायचे. शिवी दिली असती तर मला उलट बोलता तरी आलं असतं. लोणचं वाढणाऱ्याला काय बोलणार?

चहाचं नाव लपवायचं, म्हणजे लोक नावाला न भुलता चवीचं खरं सांगतील. माझं नाव लपवायचं, म्हणजे लोक चव तरी घेतील. हे मला तिथल्या तिथं कळलं. कळूनही मी मान डोलावली. माधवनगरला गिरणीच्या मागं एका खोलीत मी आणि आई राहायचो. वडील नव्हते. आई हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायची. धुळीनं तिला खोकला धरलेला, तिला तिथून काढायचं तर मला पक्की नोकरी हवी होती. साहेब म्हणाले होते, काम नीट केलंस तर पुण्याला परमनंटसाठी तुझं नाव पाठवतो. त्या एका शब्दासाठी मी पाटील झाले.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. "या की आत, बसा की," म्हणत बायका सतरंजी टाकायच्या. पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या. आटपाडीकडच्या आमच्या मूळ गावात मला पाणी ओंजळीत मिळायचं, वरून ओतलेलं. इथं तांब्याला तोंड लावून प्यायले तरी कुणी काही बोलत नव्हतं. तीन आठवडे मी माझ्या नसलेल्या घराण्याचा मान खाल्ला.

आणखी एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय मला त्या म्हातारीला बोलायचा हक्क नाही.

आमच्या कामात उजव्या हाताचा नियम होता. गावात शिरलं की उजव्या हाताची घरं धरून चालायचं आणि दर चौथं घर घ्यायचं. मनानं घर निवडायचं नाही, शास्त्र होतं ते. फक्त आमच्या लोकांची वस्ती लागली की शास्त्र संपायचं. तिथून मागं वळायचं, अशी साहेबांची सूचना. "त्यांची मतं घेऊन क्लायंटला काय करायचंय?"

एका गावात वस्तीच्या तोंडाशी एक बाई शेणी थापत होती. तिच्या दारावर निळा झेंडा, आमच्या चाळीत होता तसाच. मी वळताना तिनं विचारलं, "आवं बाई, आमाला न्हाई का इचारत? आमी बी चाच पितो की."

मी म्हणाले, "तुमचं घर यादीत नाही."

शुद्ध भाषेत म्हणाले. साहेबांच्या आवाजात. ती हसली आणि पुन्हा शेणाला लागली. मी झपाझप चालत सुटले. माझ्या आईच्या वयाची बाई होती.

तर ते उसाचं घर. त्या दिवशी मी कार्ड घेऊन दुसऱ्यांदा गेले होते. सुनेनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "लय झ्याक हाय चा. रंग बी चांगला येतोय." मी लिहून घेतलं. तेवढ्यात सासू सुपारी कातरत बाहेर आली. माझ्याशी प्रेमानं बोलायला आली होती, हे विसरून चालणार नाही.

"पाटील म्हंजे कुटलं गं तुमी?"

"माधवनगरचे."

"आमची चुलतभन दिलीया तिकडं. देवक कंचं तुमचं?"

मराठ्यांच्या घरात देवक म्हणजे एखादं झाड, पान, फूल. लग्नात ते पुजतात, त्यावरून सोयरीक जुळते. त्यांच्यातलं शेंबडं पोरही आपलं देवक सांगतं. आमच्यात हे काही नाही. मी आडनाव उसनं घेतलं होतं, त्याच्या पोटात काय काय असतं ते कुठं घेतलं होतं! घाबरून तोंडाला आलं ते म्हणाले, "खंडोबा."

म्हातारीचा अडकित्ता थांबला.

"खंडोबा देवक असतंय व्हय कुनाचं? कुनाची गं तू? खरं सांग."

मी खरं सांगितलं. धीर आला म्हणून नाही, दुसरं खोटं सुचलं नाही म्हणून.

खुर्ची धुऊन झाली, पाकीट फेकून झालं, तरी म्हातारीचं समाधान होईना. "दाव गं तिला, कसा हाय चा त्यो," ती सुनेला म्हणाली. सुनेनं लांबूनच कार्डाकडं बोट केलं. पहिला चेहरा, रडका. माझ्याच वयाची होती ती. माझ्याकडं बघत नव्हती.

चहा तोच. जीभ तीच. दूध त्यांच्याच म्हशीचं. फक्त आणणारीचं आडनाव बदललं होतं. तीन आठवड्यांत खरी माहिती मिळाली ती एवढीच, आणि ती लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

साहेब जीप घेऊन मला न्यायला आले. अंगणातलं पाणी बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी हात जोडले. माझ्यापुढं नाही, म्हातारीपुढं. "माफ करा आजी, आमची चूक झाली. यापुढे दुसरी मुलगी पाठवतो." त्यांनी जीप गावाबाहेर काढली. मग म्हणाले, "देवक माहीत नव्हतं तर सांगायचं, वडिलांना विचारते म्हणून. थोडं डोकं लावायचं गं." माझ्या केसांत अजून चहापूड होती. त्यांनी रुमाल पुढं केला. मी घेतला नाही.

ऑफिसात त्यांनी मला समोर बसवलं.

"हे बघ, आजच्या फॉर्मवर हसरा चेहराच राहू दे. पुण्याला तुझं नाव पाठवतोय मी. फक्त एक कर, ॲफिडेव्हिट करून टाक. गॅझेटमध्ये छापून आणलं की कायमची पाटील. पुन्हा हा त्रास नको. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

कायमची पाटील. मी आईचा विचार केला. तिचा खोकला मला त्या खोलीत ऐकू आला, इतका केला. पेन माझ्या हातात होतं. हो म्हणायला काय लागतं? तीन आठवडे तेच तर करत होते.

पण राग आला होता, आणि तो म्हातारीचा नव्हता. तिनं खुर्ची धुतली. मी तर शेणी थापणाऱ्या त्या बाईला तोंडावर पुसून टाकलं होतं, आणि ती आमचीच होती. कायमची पाटील झाले असते तर हेच काम जन्मभर करायला लागलं असतं.

मी फॉर्मचा गठ्ठा ओढला. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी 'माहिती घेणाऱ्याचं नाव' अशी ओळ. तिथं माझ्याच अक्षरात पाटील, पाटील, पाटील. मी त्यावर रेघ मारली आणि शेजारी माझं आडनाव लिहिलं. दुसरा फॉर्म घेतला. तिसरा घेतला. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"अगं, वेड लागलं का? खाडाखोड झाली की फॉर्म बाद होतो!"

"माहीत आहे."

"तुझी सगळी मेहनत वाया जाईल!"

"ती पाटलीणबाईंची होती," मी म्हणाले. शेवटच्या फॉर्मपर्यंत गेले. आजच्या फॉर्मवर दोन्ही चेहरे लिहिले, आधीचा आणि नंतरचा, आणि मध्ये काय घडलं ते समासात लिहिलं. साहेब डोक्याला हात लावून बसले. मला कुणी हाकललं नाही. दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही, एवढंच सांगितलं.

घरी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती पाठीवरून हात फिरवील. तिनं कपाळ बडवलं.

"आडनाव शिजवून घालनार हाईस व्हय मला? पाटील तर पाटील! काय झडलं आसतं तुजं?"

तिचे हात हळदीनं पिवळेधमक होते. पुढं नोकरी लागायला फार काळ गेला. साताऱ्यात एका कचेरीत लागली, तोवर आई राहिली नव्हती. ती गोदामातच खोकत संपली. मी ते ॲफिडेव्हिट केलं असतं तर ती कदाचित जगली असती. हे मी कुणाला खोडू देत नाही. माझ्या ताठ मानेची किंमत तिनं दिली, मी नाही.

साताऱ्यात खोली शोधताना प्रत्येक दारात तोच प्रश्न आला, गोड आवाजात. आडनाव काय म्हणालात? मी म्हणायचे आणि खोली नुकतीच गेलेली असायची.

आता मी त्यांना विचारायची वेळच येऊ देत नाही. दार उघडलं की आधी आडनाव सांगते, मोठ्यानं, शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असं. ज्याला दार लावायचं त्यानं लावावं, माझ्या खऱ्या नावावर लावावं. आईचा जीव गेला त्या नावापायी. ते आता मी कुणासाठी बदलणार नाही, आणि ते लपवून उघडणाऱ्या दारातून आत पाऊल टाकणार नाही.