पाच वाजून वीस मिनिटांचा फोटो

पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक तरी गोष्ट असते. मिठागराच्या बांधावर कुणाला चालता दिवा दिसला, कुणाला मागून हाक आली... माझे बाबा मिठागरावर कामाला होते, तेही सांगायचे. मी हसायचो. घरातला पहिला ग्रॅज्युएट, त्यात कॉम्प्युटरवाला! मशीनच्या प्रत्येक बिघाडाला कारण असतं, आपल्याला सापडत नाही एवढंच, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. म्हणून हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे. पण जिवाला स्वस्थता नाही, म्हणून लिहितो.

मी रोह्याजवळ वरसे इथे मुलींच्या एका लहान वसतिगृहात क्लार्क आहे. रोज पेणहून एसटीनं जातो-येतो. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, त्यात एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर. किल्ली माझ्याकडेच असते.

फावल्या वेळात मी एका मराठी फोरमवर लोकांच्या अडचणींना उत्तरं देतो. फुकट मिळणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर आहे, त्याबद्दलचा फोरम. कॉलेजात असताना मी तिथे विचारायला जायचो. क्लास लावायची ऐपत नव्हती. जे शिकलो ते 'जुना खिळा' या नावानं लिहिणाऱ्या एका काकांकडून. त्यांना मी आजपर्यंत पाहिलेलं नाही, पण घरात नवीन काही आलं की आधी त्यांना कळवतो. त्यांच्या उपकारांची फेड म्हणून मीही उत्तरं द्यायला लागलो. पुढे मला धागे, म्हणजे एकेका प्रश्नाखालची चर्चा, बंद करायचे अधिकार मिळाले, आणि खरं सांगायचं तर तिथेच मी बिघडलो.

फोरमचे नियम साधे आहेत. व्हर्जन लिहा. एरर जशीच्या तशी टाईप करा, मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढून टाकू नका. 'अर्जंट' लिहू नका, इथे कुणी पगारी नाही. आणि काम झालं की परत येऊन 'सुटलं' असं लिहा — म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं. हे शेवटचं तर शंभरातले पाचही करत नाहीत. काम झालं की पसार! चार वर्षं हे बघून माझं डोकं पिकलं होतं.

अशातच एक धागा आला. नवीन खातं, नावाच्या जागी नुसते आकडे. मजकूर एवढाच — "फाईल उघडत नाही. अर्जंट. प्लीज कुणीतरी हेल्प करा." खाली मोबाईलनं काढलेला वाकडा फोटो. स्क्रीनवर फाईल खराब असल्याचा मेसेज, कोपऱ्यातली तारीख चक्क अकरा दिवस पुढची, आणि मॉनिटरच्या चौकटीवर एक हिरवी टिकली.

मी लिहिलं — "आधी नियम वाचा. मग कॉम्प्युटरची तारीख दुरुस्त करा. आणि जमल्यास स्क्रीनची टिकलीही काढा, आरसा नाही तो."

मला माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं. पण तेवढ्यात काकांनी खाली सविस्तर उत्तर दिलं. मी ते वाचलंसुद्धा नाही. "काका, अशांना उत्तर देऊन सवय लावू नका," असं लिहून धागा बंद केला. काकांचा खाजगी मेसेज आला, "पोरा, घाबरलेला माणूस नियम वाचत नाही."

मी विसरून गेलो.

त्यानंतर वसतिगृहाच्या प्रवेशाच्या यादीचा शेवटचा दिवस आला. नऊ मुली, सगळ्या नदीकाठच्या नाहीतर डोंगरातल्या वाड्यांवरच्या. चार रविवार फिरून मी एकेकीची माहिती गोळा केली होती. यादी छापून पाचच्या आत रोह्याच्या सरकारी ऑफिसात द्यायची होती. बहुतेकींचे आईबाप आधीच वीटभट्टीवर गेलेले, परत माहिती कुणाला विचारणार? त्यातल्या संगीताची आई तेवढी अंगठा द्यायला आली होती. त्यांचा भट्टीवर जाणारा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. यादीत नाव लागलं तर संगीता इथे शिकणार, नाही तर ट्रकमध्ये चढणार... इतकं सरळ होतं ते.

चार वाजता लाईट गेली. पंखा थांबला. संगीताच्या आईनं पदरानं कपाळ पुसलं, टिकली सुटली, ती तिनं समोर चिकटवून ठेवली. "घामानं ऱ्हात नाय मेली."

मी प्रिंटरचा कागद सारखा करत होतो, लक्ष नव्हतं. पाच मिनिटांत लाईट आली. मशीन सुरू केलं, यादीवर क्लिक केलं.

फाईल खराब आहे.

पुन्हा केलं. तेच.

"काय झालं दादा?"

"फाईल उघडत नाही."

"मंग माझ्या पोरीचं नाव?"

"यादीत होतं."

"होतं म्हंजी? आता नाय?"

मी पुन्हा क्लिक केलं.

"त्या डब्याला दोन थपडा मारा की! आमचा रेडू तसाच लागतो."

मोबाईल काढला, स्क्रीनचा फोटो घेतला, फोरम उघडून टाईप करायला लागलो — "फाईल उघडत नाही. अर्जंट..." मी! व्हर्जन नाही, काही नाही. आपण लिहीत असताना फोरम खाली सारखे दिसणारे जुने धागे दाखवतो. पहिलाच होता, तो मी बंद केलेला.

फोटो पाहिला. मग मान वर केली. मॉनिटरच्या चौकटीवर, उजव्या हाताला, हिरवी टिकली.

पण विचार करायला वेळ नव्हता. खाली काकांचं उत्तर होतं, जे मी वाचलं नव्हतं — "घाबरू नका. फाईलची कॉपी करा. कॉपीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन zip लिहा, आणि उघडा. आत content नावाची फाईल असेल, तुमचा मजकूर तिच्यात सुखरूप असतो." चार वर्षं उत्तरं देणाऱ्या मला हे माहीत नव्हतं. नऊच्या नऊ नावं मिळाली. नवव्या ओळीत संगीता.

यादी छापली, अंगठा घेतला, खोलीला कुलूप घालून संगीताच्या आईसोबत रिक्षानं रोहा गाठलं. पाचला दहा कमी होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "सकाळपासून भजी तळत होतात काय?" आणि शिक्का मारला. संगीताच्या आईनं त्या शिक्क्याकडं बोट करून तीनदा विचारलं, "लागलं ना? लागलं ना?" मग आम्ही स्टँडवर चहा घेतला. सहा वाजून गेले होते, तेव्हा मी परत आलो.

तेव्हा कुठे तो जुना फोटो नीट पाहिला. तीच तारीख, तीच टिकली. फक्त आधी न दिसलेली एक गोष्ट दिसली. कोपऱ्यातली वेळ.

माझ्या मोबाईलमधल्या फोटोत चार वाजून नऊ मिनिटं. त्या फोटोत पाच वाजून वीस.

पाच वीसला खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती आणि मी स्टँडवर होतो.

आमच्या वॉर्डन ताई म्हणाल्या, "तूच टाकला असशील, नि विसरलास." पण टिकलीवरचा माझा विनोद तिथे अकरा दिवस आधीचा आहे, काकांनीही तेव्हाच वाचलेला. त्या खात्यावरून दुसरं काही लिहिलेलं नाही. फोरम चालवणाऱ्यांनाही त्या खात्याबद्दल काही सांगता आलं नाही.

मी बंद केलेला धागा पुन्हा खुला केला. काकांची माफी मागितली आणि खाली 'सुटलं' लिहायला घेतलं. नियमच आहे. पाठवण्याआधी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहिलं, "सुटलं ते तुझं. प्रश्न त्याचा होता."

मी लिहिलेलं खोडलं.

संगीता आता इथेच असते. संध्याकाळी व्हरांड्यात मोठ्यानं वाचते, आवाज ऑफिसपर्यंत येतो. तो ऐकताना माझं मन फोटोतल्या त्या दुसऱ्या खोलीकडे जातं — जिथे पाच वाजून गेले होते, रोह्याची खिडकी बंद झाली होती, तरी कुणीतरी अजून मशीनसमोर बसून 'प्लीज' लिहीत होतं. आणि मी त्याला नियम वाचायला सांगितले.

त्याच्या संगीताचं काय झालं, मला माहीत नाही. एसटीत बसलो की रोज एकदा तो धागा बघतो. तिथे अजून कुणी 'सुटलं' असं लिहिलेलं नाही.